गाजर, मटार वाळवायच्या आधी उकळत्या पाण्यातून काढावेच लागतात का?

हो, काढाच, २ ते ४ मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच थंडगार पाण्यात, कारण भाजीतले एन्झाइम नुसतं वाळवून बंद पडत नाहीत, ते डब्यातही हळूहळू रंग आणि चव खात राहतात आणि गाजराला सुक्या गवतासारखा वास यायला लागतो. मग फडक्यावर नीट टिपून ५५-६० डिग्रीला वाळवायचं, घाईने तापमान वाढवलंत तर वरून कडक नि आत ओलं, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. गार झालेली चकती मोडून बघा, कट्टकन तुटली तर झाली, वाकली तर अजून ठेवा. कांदा, सिमला मिरची, मशरूम यांना मात्र ही उकळायची भानगड नको, तसेच कापून वाळवा.