हुकूमशहा सत्तेवर येतात कसे आणि इतकी वर्षं टिकतात कसे? शेवटी लोकच निवडून देतात ना?

प्रश्नातल्या त्या शेवटच्या वाक्यापायी मी एक फिरती ढाल गमावली आहे, म्हणून लिहितोय.

कॉलेजात वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी होती. समोरचा म्हणाला, हिटलर बहुमताने निवडून आला. मी म्हटलं, नाही आला. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींना ३३ टक्के मतं होती, जुलैपेक्षा चार टक्के कमीच. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान, नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने, माजी चॅन्सेलर पापेनसारख्यांच्या सांगण्यावरून. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, म्हणजे गडी आपल्या मुठीत राहील, असा या शहाण्यांचा हिशोब. परीक्षक चक्क हसले, "पुस्तकं नीट वाचा" म्हणाले आणि गुण कापले.

पुढचं बोलायच्या आत घंटा वाजली होती, ते आता सांगतो. २७ फेब्रुवारीला राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत पेटली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून नागरी हक्क गुंडाळले, कम्युनिस्टांची धरपकड झाली. इतकं करूनही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझींना मतं ४३.९ टक्केच! मग २३ मार्चला संसदेला न विचारता कायदे करायचा अधिकार त्याला संसदेनेच दिला, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. विरोधात एकटे सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्ट तुरुंगात नाहीतर परागंदा. कॅथलिकांच्या सेंटर पक्षानेही होकार भरला. दार आतून उघडलं गेलं, एवढंच मला तेव्हा म्हणायचं होतं. मुसोलिनीचंही तेच. १९२२ मध्ये त्याचे लोक रोमवर चालून निघाले, तेव्हा इटलीच्या राजाने त्यांना रोखणाऱ्या लष्करी कायद्यावर सही केली नाही, आणि साहेब मिलानहून रात्रीच्या रेल्वेने पंतप्रधान व्हायला आले.

टिकतात कसे? तुरुंग, हेर, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण भोवतालचे फुटले की संपतं. चिलीचा हुकूमशहा पिनोशे सत्तेवर राहावा का, या १९८८ च्या सार्वमतात तो हरला, तेव्हा त्याच्याच हवाई दलप्रमुखाने, मात्तेईने, 'नाही'वाले जिंकले असं पत्रकारांना सांगून टाकलं. मग निकाल दाबणार कसा?

लष्करी बंडाने आलेल्यांना माझा मुद्दा नीटसा लागू होत नाही, हे खरं. आणि ४३.९ टक्के काही थोडे नव्हेत, मतदार धुतल्या तांदळासारखे नव्हते, हेही कबूल.

माझा तेव्हाचा जोडीदार अजून ऐकवतो, तू आकडे काढत बसलास म्हणून हरलो. तुम्हाला कुणी "लोकांनीच निवडलं" म्हणालं, तर किती टक्क्यांनी ते विचाराच. परीक्षक हसले तरी विचारा. फिरती ढाल तशीही वर्षभरात परत करावी लागते.