एज ऑफ एम्पायर्स २ या युद्धाच्या व्हिडिओ गेममध्ये १६ जणांची 'प्रत्येक जण स्वतःसाठी' अशी स्पर्धा कशी घ्यावी?

एका लॉबीत (म्हणजे एका सामन्यासाठी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत) जास्तीत जास्त ८ खेळाडू बसतात, त्यामुळे १६ जणांचे चौघांचे चार गट करा. प्रत्येक गटाने तीन सामने खेळावेत, गुणांनुसार पहिले दोघे पुढे जातील आणि अंतिम फेरी आठ जणांची होईल.

खरी डोकेदुखी असते ती आतून होणाऱ्या युतीची. 'टीम लॉक' (सामन्यादरम्यान युती बदलू न देणारी सेटिंग) चालू ठेवलंत तरी दोन मित्र एकमेकांवर हल्लाच करत नाहीत, तिसरा बिचारा दोघांच्या कात्रीत सापडतो. म्हणून गटवारी चिठ्ठ्या टाकून करा, आणि एकाच क्लॅनचे (नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटाचे) दोघे पहिल्या फेरीत एका गटात येऊ देऊ नका. तक्रार आली तर रेकॉर्डिंग बघा: शेजाऱ्याच्या उघड्या सोन्याच्या खाणीजवळून फौज गुपचूप पुढे गेली, की लगेच लक्षात येतं.

फक्त शेवटी उरणाऱ्याला गुण दिलेत तर सगळे भिंती बांधून बसतील. जिंकणाऱ्याला ५, आणि प्रत्येक बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे २ असं माझं मत. प्रेक्षकांना सामना थोडा उशिरा दिसेल असा विलंब ठेवाच, नाहीतर बघणारे मित्रांना फौजा कुठे आहेत ते सांगतात.