करंट व्होल्टेजच्या आधी येतोच कसा?

डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहेस म्हणालास, आणि सरांनी 'सिव्हिल' (CIVIL) हा शब्द पाठ करून टाका एवढंच सांगितलं, म्हणजे C मध्ये I हा V च्या आधी आणि V हा I च्या आधी L मध्ये: कपॅसिटरमध्ये (चार्ज साठवणारा, C) करंट (I) पुढे आणि इंडक्टरमध्ये (तारेची कॉइल, L) व्होल्टेज (V) पुढे. आता तुझं म्हणणं असं की व्होल्टेज आलंच नाही तर करंट आधीच कसा निघाला, त्याला काय स्वप्न पडलं का? भावा प्रश्न एकदम बरोबर आहे, मला पण हाच पडला होता आणि विचारायची लाज वाटली, मग नाशिकच्या सातपूरला पॅनल वायरिंग करत होतो तेव्हा कितीतरी वर्षं तो तसाच डोक्यात अडकून राहिला.

पहिलं म्हणजे पुस्तकातली ती करंट-व्होल्टेजच्या लाटांची आकृती सगळं स्थिरावल्यानंतरची असते. बटण दाबायच्या आधी काहीच वाहत नाही, सुरुवातीच्या सायकल जरा वेड्यावाकड्या जातात आणि मग रोजचं चक्र बसतं. आपल्याकडे सेकंदाला ५० सायकल, म्हणजे एक चक्कर २० मिलिसेकंदाची (एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या टर्बाइनचे मिनिटाला ३००० फेरे, भागिले ६०, तेच हे ५०). आणि ते ९० अंश पुढे-मागे म्हणतात ना, ते म्हणजे पाव चक्कर, फक्त ५ मिलिसेकंद.

आता कपॅसिटर. पावसाळ्यात गोदाघाटावर पाणी कुठवर आलं ते आपण तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ती पातळी म्हणजे व्होल्टेज समज. आणि येणाऱ्या पाण्यातून खाली जाणारं पाणी वजा करून जे साठत जातं, ते म्हणजे करंट. आता सांग, साठणं सगळ्यात जोरात कधी असतं? मारुती गळ्यापर्यंत बुडालेला असतो तेव्हा नाही! पाणी झपाझप चढत असतं तेव्हा. पार वर पोचलं की पातळी क्षणभर ठरते, तेव्हा साठणं शून्य, आणि मग ओसरायला लागतं. म्हणजे आधी साठण्याचा जोर शिगेला, नंतर पातळी शिगेला. करंटला भविष्य बिविष्य काही कळत नाही, तो व्होल्टेज किती आहे ते बघतच नाही, ते किती वेगाने बदलतंय ते बघतो. साइन वेव्हमध्ये व्होल्टेज शून्यातून जाताना सगळ्यात वेगाने बदलतं म्हणून करंट तिथे जास्तीत जास्त, आणि शिखरावर, म्हणजे २३० च्या लाइनला ३२५ व्होल्टवर, करंट शून्य. डीसी लावलं की एकदा भरून गप्प बसतो तो पण याचमुळे. आतल्या इन्सुलेशनमधून आरपार काही जात नाही, एका पत्र्यावर चार्ज येतो आणि दुसऱ्यावरून निघतो, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत.

इंडक्टर म्हणजे मार्केट यार्डातली कांद्याच्या गोण्यांनी भरलेली हातगाडी. ढकलणं म्हणजे व्होल्टेज, वेग म्हणजे करंट. जोर लावला तरी लगेच पळत नाही, आणि ढकलायचं थांबवलं त्या क्षणी वेग सगळ्यात जास्त असतो, मग उलटा जोर लावून लावून थांबवावी लागते. झालं, करंट मागे.

आता उपमा सोड आणि जुन्या ट्यूबलाइटची पट्टी घे, ती तांब्याच्या चोकवाली (चोक म्हणजे इंडक्टरच), ४० वॉटची. त्या चोकचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर जेमतेम चाळीसेक ओहम दिसतो. पण सव्वा हेन्रीच्या (इंडक्टर मोजायचं माप) आसपासची ती कॉइल एसीला किती अडवते बघ, २ × ३.१४ × ५० म्हणजे ३१४, गुणिले १.२, आले पावणेचारशे ओहम. म्हणून करंट आटोक्यात राहतो, नाहीतर नळी गेलीच.

टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो मीटर) लावलास तर ०.४३ अँपियरच्या आसपास दिसेल. २३० ने गुणलं की ९९ व्होल्ट-अँपियर. पण नळी आणि चोक मिळून खरे वॉट खातात ५० च्या जवळपास. मग उरलेले ४९ गेले कुठे? इथेच सगळे फसतात. उरलेले ४९ नाहीतच, ते ८५ आहेत! ५० आणि ८५ काटकोनात, त्यांचा कर्ण ९९. हे ८५ कोणी खात नाही, चोक ५ मिलिसेकंद लाइनमधून घेतो आणि पुढचे ५ मिलिसेकंद परत देतो, फुकट ये-जा, पण वायर मात्र त्या ये-जा ने पण तापते.

आता लाइनला समांतर ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) टाक. तो साधारण ६६ घेतो-देतो, पण चोकच्या बरोब्बर उलट्या वेळी, चोक परत देत असतो तेव्हा हा घेत असतो. मग दोघांची देवाणघेवाण पट्टीतच होते, लाइनवर उरतात १९ आणि करंट येतो ०.२३ वर. उजेड तेवढाच! हे मी पहिल्यांदा टेबलवर करून बघितलं ना, तेव्हा कुठे माझ्या डोक्यातला तो जुना प्रश्न सुटला.

पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मात्र यासाठी नसतो हां, हे खूप जण गोंधळतात. तो दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकवतो म्हणून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो उडाला की पंखा नुसता घूं करतो, आणि काठीने ज्या बाजूला ढकलशील त्या बाजूला फिरायला लागतो.

प्रयोग कर पण मोठा कंडेन्सर काढताना सप्लाय बंद केला म्हणजे झालं असं समजू नको. सप्लाय नेमका शिखरावर तुटला तर तो ३२५ व्होल्ट धरून बसतो, मी एकदा वर्कशॉपमध्ये शॉक खाल्लाय, कोपरापर्यंत हात बधिर. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करतात तसं पण करू नको, दोन वायरी काढलेला होल्डर आणि १०० वॉटचा बल्ब लावून डिस्चार्ज कर, मग मीटरने शून्य बघ आणि मगच हात लाव.