मानेला घासणारा सीटबेल्ट आणि सतरा महिन्यांची एसआयपी

विलेपार्ल्याहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 43 वर्षे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी उघड्या छपराची, दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार 24 लाख रुपयांना घेतली. आठवड्यातून दोनदा ते सी लिंक आणि किनारी रस्त्याने नरिमन पॉइंटच्या कार्यालयात जातात. चालकाचा सीटबेल्ट मानेला घासतो, ओढला तरी नीट सुटत नाही आणि सोडल्यावर आळसटल्यासारखा परत जातो. त्यामुळे अलीकडे ते पट्टा काखेखालून घेऊ लागले आहेत. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत: अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दोन्ही मूळ पट्टे 1,62,000 रुपयांना बदलणे, एका दुकानातून रेसिंगची आसने आणि चार बिंदूंचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून आवळून बांधणारा शर्यतीच्या गाडीतला पट्टा) 3,40,000 रुपयांना बसवून घेणे, किंवा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून 28,000 रुपयांत वापरलेले पट्टे आणणे. त्यांचा कल हार्नेसकडे आहे, आणि त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची दरमहा 20,000 रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील नियमित मासिक गुंतवणूक) सतरा महिने थांबवावी का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पैशांकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो. हे उत्तर वाचल्यावर पहिल्यांदा गाडीत बसाल तेव्हा पट्टा काखेखालून घेऊ नका. व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये तीन बिंदूंचा पट्टा आणला, तेव्हापासून त्याचे तत्त्व एकच आहे: धडकेचा भार खांद्याच्या आणि कमरेच्या मजबूत हाडांनी घ्यायचा. काखेखालून गेलेला पट्टा तोच भार खालच्या बरगड्यांवर आणि त्यांच्या मागच्या यकृत-प्लीहेवर टाकतो. आपल्या घराचे सारे नियोजन आपल्या कमाईवर उभे आहे, म्हणून मी हा मुद्दा आर्थिकच मानतो.

आता खर्च. एसआयपी सतरा महिने थांबवली की 3,40,000 रुपये हाताशी येतात, हा आपला हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. मुलगी सहावीत आहे, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाला सुमारे सहा वर्षे उरली आहेत. वार्षिक 10 टक्के परतावा गृहीत धरला, तर न भरलेल्या त्या हप्त्यांचे प्रवेशाच्या वेळी साडेपाच लाखांहून थोडे अधिक झाले असते. हार्नेसची खरी किंमत ही आहे. शिवाय एकदा थांबवलेली एसआयपी ठरल्या महिन्यात पुन्हा सुरू होतेच असे नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

ही किंमत देऊन सुरक्षितता मिळत असती, तर मी कदाचित वेगळे बोललो असतो. ती मिळत नाही. शर्यतीच्या गाडीत हार्नेस योग्य असतो, कारण तेथे तो एकटा नसतो: त्याच्या जोडीला न झुकणाऱ्या पाठीचे आसन, पोलादी पिंजरा, हेल्मेट आणि मान सांभाळणारे उपकरण असते. यांपैकी काहीच नसताना समोरून धडक बसली, तर धड जागच्या जागी जखडलेले राहते आणि डोके मात्र पुढे फेकले जाते, त्यामुळे सारा भार मानेवर येतो. चार बिंदूंच्या हार्नेसला मांड्यांमधून येणारा पट्टा नसतो, म्हणून खांद्याचे पट्टे आवळताच कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि धडकेत शरीर त्याखालून घसरू शकते. आपली गाडी तर उघड्या छपराची आहे. ती उलटली, तर जखडलेल्या माणसाला बाजूला वाकायलाही वाव राहत नाही. आणि रोजच्या वापरात, सिग्नलच्या वळणावर पुढे झुकून पाहता येत नाही, तेव्हा माणूस हार्नेस सैल ठेवू लागतो. सैल हार्नेस घालणे म्हणजे काहीच न घालण्याच्या फार जवळ जाणे.

मूळ पट्ट्याच्या आत जे आहे, तेही आपण दुकानात सोडून येणार आहात. धडक होताच काही सहस्रांश सेकंदांत पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर त्यात असतो, आणि छातीवर भार फार वाढला की पट्टा थोडा ढिला सोडणारी यंत्रणाही असते. प्रीटेन्शनर एअरबॅगच्या नियंत्रकाला जोडलेला असतो. तो काढला की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो दिवा विझवण्यासाठी जी जुगाडे केली जातात, त्यांमुळे बिघाड लपतो, दुरुस्त होत नाही.

कायद्याची बाजूही हार्नेसच्या विरुद्ध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. दंडापेक्षा मला विम्याची काळजी अधिक वाटते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या, डोळ्यांसमोर येतो, आणि दावा कमी करायला किंवा नाकारायला तो आयते कारण ठरतो. 3,40,000 रुपयांसाठी 24 लाखांच्या गाडीचे विमा संरक्षण पणाला लावणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

कुर्ल्याच्या पर्यायाबद्दल थोडक्यात सांगतो: नको. वापरलेला पट्टा बहुधा अपघातात मोडलेल्या गाडीतून आलेला असतो. तो एकदा ताणला गेला आहे का, त्याचा प्रीटेन्शनर उडाला, म्हणजे धडकेत वापरला गेला आहे का, हे काउंटरवर पाहून कळत नाही.

उरला अधिकृत पर्याय, पण 1,62,000 रुपये लगेच भरा असेही मी म्हणणार नाही. प्रभादेवीत माझ्या एका ग्राहकांकडे अशीच दोन दारांची गाडी होती आणि तक्रारही हीच होती. एका संध्याकाळी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आम्ही मोबाइलच्या उजेडात आसन पाहिले. आसनाच्या खांद्याजवळ बटणाने उघडणारी एक छोटी पट्टी लोंबत होती. ती पट्टा अडकवण्यासाठीच असते. सफाईच्या वेळी कोणीतरी पट्टा तिच्यातून बाहेर काढला होता आणि पुन्हा घातला नव्हता. दोन दारांच्या गाडीत दार लांब असल्यामुळे पट्टा बराच मागून येतो, आणि ही पट्टी नसेल तर तो खांद्यावर न बसता मानेकडे सरकतो. पट्टा तिच्यात अडकवला, आसन दोन खाचा वर घेतले आणि पाठ थोडी सरळ केली, एवढ्यावर ते काम झाले.

आपणही आधी हे पाहावे. त्यानंतर पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून दिवसाच्या उजेडात त्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवा. कड गुळगुळीत असेल आणि पट्टा केवळ मळाने जड झाला असेल, तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून तो सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पट्टा जिच्यातून खाली येतो ती खांद्याजवळची वरची कडीही पुसा, कारण पट्टा अडखळण्याचे कारण पुष्कळदा त्या कडीवर साचलेला मळ असतो. ब्लीच किंवा रंग लावू नका. पण नखाला धागे लागले, कडेला पिसे सुटलेली दिसली किंवा धुऊनही पट्टा अडतच राहिला, तर प्रश्न आरामाचा राहिला नाही असे समजा. गाडी जुनी घेतलेली आहे, त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळात अपघात होऊन प्रीटेन्शनर उडाला असण्याची शक्यताही तपासायला हवी. गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का ते पाहा. तो लागतच नसेल, तरीही संशय घ्या, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नियंत्रकातील नोंदी वाचून घ्या.

तपासणीत पट्टा खराब निघाला, तर तो बदलण्याचा खर्च मी हौसेत धरणार नाही, ब्रेक दुरुस्त करण्याइतकाच आवश्यक धरेन. मात्र दोन्ही पट्टे बदलायचे का, हे लेखी कारणासह विचारा. फक्त चालकाचा पट्टा सदोष असेल, तर बिल निम्म्याच्या आसपास, सुमारे 81,000 रुपयांवर येईल. अंदाजपत्रकात प्रत्येक भागाचा क्रमांक आणि मजुरी वेगळी मागा, आणि कराची ओळही वाचा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे.

पैसे मार्चच्या बोनसमधून द्या. आपण लिहिल्याप्रमाणे तो अडीच लाखांच्या आसपास असतो. पट्टा असुरक्षित ठरला, तर मार्चपर्यंत थांबू नका आणि आणीबाणीची चार लाखांची मुदत ठेवही मोडू नका, कारण 1,10,000 रुपयांच्या मासिक खर्चापुढे ती चार महिनेही पुरणारी नाही. त्या ठेवीवर बँकेतून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल, घ्या. त्याचा व्याजदर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो. साडेआठ टक्के धरून पूर्ण 1,62,000 रुपयांचे पाच महिन्यांचे व्याज पावणेसहा हजारांच्या आत राहते, आणि एकाच पट्ट्यासाठी त्याच्या निम्मे. बोनस आला की ते खाते त्याच आठवड्यात बंद करा.

एसआयपीचा हप्ता या महिन्यातही ठरल्या तारखेला जाऊ द्या. तपासणी होऊन पट्टा दुरुस्त होईपर्यंत कार्यालयात लोकलने जा.