ड्रिल युनिटमधून पुन्हा आयआरआरमध्ये जाताना

अमेरिकी आर्मी रिझर्व्हमध्ये (राखीव सैन्यात) ड्रिल, म्हणजे ठरावीक शनिवार-रविवारचा सराव, करणाऱ्या युनिटमधून आयआरआरमध्ये (इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह, म्हणजे नियमित ड्रिल नसलेले राखीव सैनिक) बदली नित्याची आहे, तेव्हा संकोच बाळगू नये. डीए ४६५१ हा बदलीचा अर्ज युनिटकडे द्यावा व त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

नवे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे अर्ज देताच ड्रिलला जाणे थांबवणे. लेखी आदेश हाती येईपर्यंत आपण युनिटचेच असता, आणि साधारणपणे एका शनिवार-रविवारी चार हजेऱ्या धरल्या जात असल्याने, वर्षभरात ९ विनापरवानगी गैरहजेऱ्यांची मर्यादा पाहता पाहता भरते.

आदेशापूर्वीच पुढील गोष्टी पाहाव्यात:
- ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट (ड्रिल करणाऱ्या राखीव सैनिकांचा आरोग्यविमा) बंद होते. दुसरा आरोग्यविमा ठरवावा. (कुटुंब असल्यास हेच सर्वांत महत्त्वाचे.)
- बोनस घेतला असल्यास परतफेडीची अट वाचावी.
- आयआरआरमधूनही सेवेवर बोलावता येते; पत्ता बदलल्यास कळवावा.

निवृत्तिवेतनाच्या गुणांचा हिशेब सध्या बाजूला ठेवावा.