रून की लिरियन? आधी सीडींच्या कपाटाकडे बघा

तुमचा प्रश्न असा: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अँप्लिफायर, बुकशेल्फ स्पीकर आणि यूएसबी डॅक (डिजिटल संगीताचा अँप्लिफायरला चालणारा सिग्नल करणारी डबी) आहे. 600 सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवून झाल्यात, त्यातल्या निम्म्याहून जास्त शास्त्रीय. ब्लूटूथला कंटाळलात, आईलाही वापरता येईल असं काहीतरी हवंय. मग रून या संगीत लावायच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरावेत का?

माझं मत विचाराल तर आत्ता नको. आधी लिरियन लावा, तेही असंच सॉफ्टवेअर, पण फुकट आहे.

रून वाईट नाही. दिसायला देखणं आहे, आणि जॅझ किंवा पाश्चात्त्य शास्त्रीय ऐकणाऱ्याला वादकांपासून ध्वनिमुद्रणापर्यंतची माहिती छान जोडून देतं. पण त्याची खरी मजा टायडल किंवा कोबझ जोडल्यावर येते, आणि या दोन्ही ऑनलाइन संगीतसेवा आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाहीत. स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक रूनमध्ये चालत नाहीत. म्हणजे तुम्ही पैसे भरणार ते स्वतःच्याच सीडी बघायला. त्यातही आपल्या ख्यालगायनाची माहिती तिथे फार तोकडी येते, असा माझा अनुभव आहे.

लिरियन म्हणजे स्क्वीझबॉक्स या जुन्या नेटवर्क प्लेअरचा सर्व्हर, घरातलं संगीत साठवून प्लेअरला पुरवणारं सॉफ्टवेअर. लॉजिटेकने 2012 मध्ये ती यंत्रं बंद केली, पण वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवलं. 2024 मध्ये त्याचं नाव लिरियन झालं. रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर पायकोअरप्लेअर ही संगीतासाठीची प्रणाली टाका, त्यातच लिरियन बसवा, डॅक यूएसबीला जोडा. 600 सीडींना साधारण 200 ते 250 जीबी लागतात, त्यामुळे 500 जीबीची एसएसडी भरपूर झाली.

आता मुद्द्याचं. बऱ्याच सीडींवर विलंबित बडा ख्याल एक ट्रॅक आणि द्रुत छोटा ख्याल दुसरा असतो, पण गाणं सलग चाललेलं असतं. मी पूर्वी फोनवरून डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, वाजवायचो. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा क्षणभर तुटायचा. तेवढ्यानेही जीव कासावीस होतो. लिरियनमध्ये तो तानपुरा अखंड वाजतो. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिली परीक्षा हीच करा.

दुसरं, आवाजाची पातळी. सेटिंगमध्ये रिप्लेगेन (गाण्यांच्या आवाजाची पातळी जुळवणारी सोय) ट्रॅकवर ठेवलंत तर आलाप उगाच मोठा होतो आणि द्रुत दबतं. अल्बम गेनवर ठेवा, म्हणजे गायकाने चढवलेला आवाज तसाच चढेल.

तिसरं काम कष्टाचं आहे, पण ते टाळू नका. टॅग, म्हणजे फाइलीत लिहिलेली कलाकार-अल्बमची नावं. माझ्याकडे ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ असे तीन वेगळे कलाकार दिसत होते. एमपी3टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून सगळ्यांची नावं एकसारखी केली, ‘पं.’ काढून टाकलं. संगीतकाराच्या रकान्यात मी रागाचं नाव लिहितो. ख्यालाला तो रकाना एरवी रिकामाच असतो. आता ‘मारवा’ उघडलं की माझ्याकडचे सगळे मारवे एकाखाली एक येतात, किराणा, जयपूर, आग्रा, सगळ्या घराण्यांचे. अलूरकरांच्या दुकानातून घेतलेल्या कॅसेट मी स्वतः उतरवल्या, त्याही त्याच यादीत बसल्या. रोज वीस सीडी केल्या तर महिन्याभरात तुमचं काम उरकेल.

वीज आणि भिंती. पुण्यात गुरुवारी लाइट जाते, हे तुम्हाला सांगायला नको. एका गुरुवारी माझं आधीचं प्लेअर सॉफ्टवेअर चालू असताना वीज गेली आणि मेमरी कार्डच बिघडलं. सगळ्या प्लेलिस्ट गेल्या. पायकोअरप्लेअर रॅममध्ये चालतं म्हणून हा धोका बराच कमी होतो, तरी छोटा यूपीएस लावा आणि प्लेलिस्टची प्रत दुसरीकडे ठेवा. भिंतींतून वायफाय अडतं, त्याच्या भरवशावर राहू नका; तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) लॅनची वायर आणून राउटरपासून रास्पबेरी पायपर्यंत ओढा.

आईंसाठी मटेरियल स्किन हे प्लगइन टाका. ते ब्राउझरमध्ये उघडतं, जुना टॅबलेट असला तरी चालतो. माझ्या आईसाठी मी फक्त फेव्हरिट्स ठेवल्यात: सकाळचे राग, अभंग, नाट्यगीतं. ती चष्मा न लावताही वापरते.

नवीन गाण्यांसाठी ॲपल म्युझिक घ्या, लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवलेला आवाज, त्याच वर्गणीत मिळतो. ते लिरियनमध्ये येणार नाही, फोन यूएसबीने थेट डॅकला जोडावा लागेल. अँड्रॉइड फोन असेल तर सीडीचा 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेट तो बहुतेक वेळा 48 करून पाठवतो, तरीही ब्लूटूथपेक्षा खूपच बरं.

सहा महिने हे वापरा. त्यानंतरही रून खुणावत असेल तर त्यांची 14 दिवसांची चाचणी आहे, ती टॅग पूर्ण झाल्यावरच सुरू करा. आधी केलीत तर ते दिवस नावं दुरुस्त करण्यातच जातील. रास्पबेरी पाय लावताना कुठे अडलात तर डॅकचं मॉडेल इथे लिहा, सेटिंग सांगतो.