आडनाव सोडा, लग्नाची नोंद धरा

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला राहायला जाताय, नवरा तिथलाच, आडनाव बोल्यू. त्याच्या घराण्याची वंशावळ करायला घेतलीत, तर 1800च्या मागे हे आडनावच सापडत नाही. शिवाय तिथे गेल्यावर तुमचं नाव बदलायचं का, हाही प्रश्न आहे. दोन्ही उत्तरं तिथल्या नावांच्या रीतीतच आहेत.

आडनाव सापडत नाही, कारण ते बहुधा मूळचं नाही. तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीत मूळ आडनावापुढे 'दि' लावून दुसरं नाव चाले. 'दि' म्हणजे आपलं 'उर्फ'. बरीच नावं फौजेतून आली: 1665 मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे 1,200 शिपाई उतरले, त्यांतले चारेकशे तिथेच राहिले आणि त्यांची फौजी टोपणनावं पुढे मुलाबाळांना चिकटली. उदों दि बोल्यू घराण्यात काही शाखा उदों राहिल्या, काही बोल्यू झाल्या. सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी पडत. देशमुखी-पाटीलकीमुळे मूळ आडनाव मागे पडलेली घराणी आपल्याकडे काय कमी आहेत? दोन्ही नावांनी शोधा, पण बोल्यू म्हणजे उदोंच असं धरून चालू नका. हे टोपणनाव इतर घराण्यांतही होतं.

म्हणून आडनावाच्या मागे लागू नका. एका लग्नावरून त्याच्या आधीच्या लग्नावर जा. कॅथलिक चर्चच्या लग्ननोंदीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. त्या आईवडिलांचं लग्न शोधा, मग त्यांच्या आईवडिलांचं. आठ-दहा टप्प्यांत सतरावं शतक गाठता येतं. लग्न बहुधा वधूच्या गावच्या चर्चमध्ये लागे, तेव्हा वराच्या गावी नोंद नसली तर वधूच्या गावी बघा. साखळी तुटते ती विधुर-विधवांच्या लग्नांत: तिथे आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचंच नाव असतं. मग आधी पहिलं लग्न शोधावं लागतं. तेही नाही मिळालं, तर नोटरीकडचा विवाहकरार पाहा. तो बहुधा चर्चमधल्या लग्नाच्या आधी होत असे.

चर्चच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मॉन्ट्रियल विद्यापीठातून उभ्या राहिलेल्या पीआरडीएच या ऑनलाइन नोंदसंग्रहात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदी कुटुंबवार जुळवलेल्या आहेत. तपशिलाला पैसे पडतात, पण वेळ वाचतो. तरीही मूळ पान उघडून बघाच.

पान वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. '7bre' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. '8bre' ऑक्टोबर, '9bre' नोव्हेंबर. सप्त, अष्ट, नव हे आपल्याला तर सहज लक्षात राहावं. दुसरी फसगत बाप्तिस्म्याच्या नावांची. विशेषतः एकोणिसाव्या शतकापासून मुलाला जोसेफ आणि मुलीला मारी हे नाव सर्रास आधी लागे, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (गॉडफादर-गॉडमदरचं), आणि हाक मारायचं नाव बहुधा शेवटी. जोसेफ दिसला म्हणून माणूस जोसेफ नसतो. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्या भावंडाला देत, म्हणून त्याच नावाचा मृत्यू आहे का ते तपासल्याशिवाय जन्मतारीख पक्की करू नका. आणि क्यूबेक शहरातल्या 1640च्या आधीच्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नका. त्या वर्षी चर्च जळालं, वह्या नंतर आठवणीतून लिहिल्या.

आता तुमचं नाव. त्या नोंदींत बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने असते, आणि त्यामुळेच ही वंशावळ लागते. 1981 पासून तर क्यूबेकमध्ये कायदाच आहे: लग्नानंतर नवरा-बायको दोघंही आपापलं जन्मनावच लावतात. तेव्हा इथे गॅझेटमध्ये नाव बदलून घेऊ नका, नाहीतर जन्मदाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्याच, असं होईल. दोन्हींवर नाव आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः एक करून घ्या. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावत असाल, तर ते सगळीकडे ठेवा किंवा कुठेच नको. पुढे मूल झालं, तर त्याच्या आडनावात दोघांच्या आडनावांतले मिळून जास्तीत जास्त दोनच भाग घेता येतात.